‘या देशाचं काही खरं नाही!’



गेल्या महिन्यातली गोष्ट. शाळेत खिचडीला उशीर झाला होता. गॅस संपला, मग मावशींनी मागे चूल पेटवली, लाकडं ओली, नुसता धूर. पोरं ओळीत ताटं घेऊन बसलेली. तिसरीतला एक मुलगा रिकामं ताट मांडीवर वाजवत होता. कंटाळला, आणि अगदी मोठ्या माणसासारखा हात झटकून म्हणाला, "मॅडम, या देशाचं काही खरं नाही!"

सगळे हसलो. मावशींना तर डोळ्यांत धूर आणि वर हसू, दोन्ही आवरेना. पण संध्याकाळी घरी जाताना ते वाक्य माझ्याबरोबर आलं. आठ वर्षांच्या लेकराने हे स्वतः शोधून काढलेलं नाही. त्याने ते कुणाकडून तरी घेतलंय. घरी टीव्हीवरच्या बातम्या लागल्या की वडील म्हणत असतील. एसटीत कुणी म्हणत असेल. आणि खरं सांगू का, शाळेच्या ऑफिसात चहा पिताना मी स्वतः कितीतरी वेळा म्हटलंय. दार उघडंच असतं. मुलं ऐकत असतात.

तुम्हीही म्हणता ना?

म्हणण्यासारखं आहेच म्हणा. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका गावात शिकवते. पहिली ते सातवी, पटसंख्या बेताची. दिवाळी झाली की आमचा हजेरीपट अर्धा होतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या वाचकांना कदाचित कल्पना नसेल म्हणून थोडं सांगते. आमच्याकडची माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादम पावसाळ्यातच घरी येऊन उचल देऊन जातो, कोयत्यामागे लाखाच्या वर. तो पैसा घराच्या पत्र्यात, लग्नात, दवाखान्यात, जुन्या कर्जात केव्हाच जिरतो. मग पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून ती उचल फेडायची. सांगली, कोल्हापूर, सातारा, पार कर्नाटकात बेळगावपर्यंत. पाचट आणि प्लास्टिकची कोपी, पहाटे अंधारात फडावर जायचं, आजारी पडून एक दिवस बसलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. लेकरं बरोबर. मोठी मुलगी असेल तर ती कोपीवर लहान भावाला सांभाळणार, भाकरी थापणार. शाळा तिथे कुठली?

आता अशा गावात पंधरा ऑगस्टला उभं राहून ‘तुम्ही उद्याचे आधारस्तंभ आहात’ म्हणायचं. मी म्हटलंय. दरवर्षी म्हटलंय.

तीन वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगी होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. गणितात हुशार, अक्षर तर असं की फलक लेखन मी तिच्याकडूनच करून घ्यायचे. तिचे आईवडील तिला यंदा बरोबर नेणार असं कळलं, तेव्हा मी तिला बाजूला घेऊन अर्धा तास समजावलं. सावित्रीबाई सांगितल्या, कल्पना चावला सांगितली. जिद्द असली की सगळं होतं, हार मानायची नाही, असं बरंच काही. ती मान डोलवत राहिली. शेवटी म्हणाली, "मॅडम, हे सगळं बरोबर आहे. पण भावाला कोण सांभाळंल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला पाठीवर थोपटून ‘मधूनमधून अभ्यास कर हं’ म्हणाले. वह्या दिल्या, पेन दिले. ती गेली. एप्रिलमध्ये गाड्या परत आल्या तेव्हा ती त्यात नव्हती. तिकडेच, टोळीतल्याच एका नात्यातल्या मुलाशी लग्न लावून दिलं होतं. १०९८ हा नंबर मला पाठ होता, शाळेच्या भिंतीवर मीच तो रंगवून घेतलाय. गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, हेही माहीत होतं. पण मला कळलं तेव्हा लग्नाला दोन महिने होऊन गेले होते.

मला त्या अर्ध्या तासाची फार लाज वाटते. मी तिला आशा दिली असं मला वाटत होतं. खरं तर मी तिच्यावर एक ओझं टाकलं. जिद्द असली की होतं म्हणजे नाही झालं तर तुझ्यात जिद्द कमी होती, असाच अर्थ निघतो ना त्याचा? त्या मुलीत काय कमी होतं? कमी होतं ते तिचा भाऊ सांभाळायला एक माणूस, आणि दोन वेळचं जेवण गावातच मिळेल अशी सोय.

आणि हे मला तरी कळायला हवं होतं. कारण मी स्वतः सात वर्षं आशेवर काढली आहेत. माझं डी.एड. २०१२ सालचं. माझ्या वयाच्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. २०१० नंतर शिक्षक भरतीच बंद होती. गावोगाव डी.एड. कॉलेजं निघालेली, घराघरात एक डी.एड. झालेला बेकार. मी एका खासगी शाळेत तीन हजारांवर शिकवलं, घरी शिलाई मशीनवर ब्लाउज शिवले. २०१७ ला अभियोग्यता चाचणी झाली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पवित्र पोर्टलच्या यादीत नाव आलं. शिक्षणसेवक, मानधन महिना सहा हजार. तरी आईने पेढे वाटले!

त्या सात वर्षांत मला सकारात्मक विचारांचे मेसेज पाठवणारे खूप होते. ‘रात्र संपून पहाट होणारच’ वगैरे. ते वाचून जास्तच रडू यायचं. टिकले मी ती आमच्या कॉलेजच्या एका सरांमुळे. ते कधीही ‘होईल गं सगळं चांगलं’ म्हणाले नाहीत. ते फोन करायचे आणि विचारायचे, "टीईटीचा फॉर्म भरलास का?" बस. नसेल भरला तर शेवटची तारीख सांगायचे. दुसऱ्या वर्षी परत फोन. कुणीतरी आपली तारीख लक्षात ठेवतंय, एवढ्यावर माणूस किती दिवस तग धरतो, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

तर, गेल्या वर्षीची गोष्ट. सप्टेंबरात चौथीला निबंध दिला होता, ‘माझ्या स्वप्नातील भारत’. बहुतेकांनी गाईडमधलाच उतरवला. माझ्या स्वप्नातील भारत स्वच्छ असेल, सुंदर असेल, भ्रष्टाचार नसेल. एका मुलीची वही हातात आली. तिने चारच ओळी लिहिल्या होत्या. पहिलीच ओळ अशी होती की तिच्या स्वप्नातल्या भारतात दिवाळीनंतर पण आई घरी असते. ‘असेल’ नाही, ‘असते’. काळ चुकला म्हणून मी लाल पेन उचलला आणि तसाच खाली ठेवला.

या वेळी मी भाषण केलं नाही. वही घेऊन तिच्या घरी गेले. आई भांडी घासत होती, आजी दारात बसलेली. निबंध वाचून दाखवला. आई काही बोलली नाही, नुसती घासत राहिली. मग म्हणाली, "काय करावं मॅडम. हौस हाय का आम्हाला? उचल घेतलीय." मी म्हटलं, "तुम्ही जा. हिला ठेवा. हंगामी वसतिगृह आपल्या शाळेतच चालवू. दोन वेळचं जेवण आमच्याकडे, रात्री झोपायला आजीजवळ." आजी म्हणाली, "अन् मी मेले मधीच तर?"

हसू नका. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. हंगामी वसतिगृहाची योजना कागदावर छान आहे, शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते, पण तिचा खरा कणा म्हणजे मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या. त्यांचं बीपी, त्यांचे गुडघे, त्यांची रात्रीची झोप. मी आमच्या आशाताईंना विचारलं, त्यांनी आजीच्या गोळ्यांकडे लक्ष ठेवायचं कबूल केलं. शेजारच्या काकूंनी रात्री हाकेच्या अंतरावर राहायचं ठरलं. हे सगळं ठरायला पाच-सहा फेऱ्या झाल्या. अशा करत करत नऊ मुलांचे आईवडील तयार झाले.

आता पुढचं ऐका. पैसे वरून यायला उशीर झाला. किती, ते विचारू नका. किराणा दुकानदाराने दोन महिने उधारीवर दिलं, पोळ्या करणाऱ्या ताईंनी मानधनाशिवाय काम केलं, समितीच्या अध्यक्षांनी स्वतःच्या घरची ज्वारी आणून टाकली. यात कौतुकाचं किती आणि रागाचं किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गावाने केलं म्हणून वरच्यांनी उशीर करायचा असं होऊ नये, एवढंच म्हणते.

नऊपैकी दोन टिकले नाहीत. एकाची आई जानेवारीत बाळंत झाली, त्याला पाळण्याजवळ बसवायला वडील येऊन घेऊन गेले. जाताना तो मागे वळून बघत होता. त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं. तिथली शाळा कोपीपासून लांब, मधे मोठा रस्ता. तो गेलाच नाही शाळेत. दुसरी एक मुलगी रात्री आईच्या आठवणीने इतकी रडायची की आम्हीच तिला पाठवलं.

उरलेली सात राहिली. दर रविवारी संध्याकाळी माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल. तिकडे कोपीत एकाच्या मोबाइलभोवती सगळी टोळी जमायची. मुलं वही कॅमेऱ्यासमोर धरायची. आयांना वाचता येत नव्हतं, पण पानं भरलेली दिसायची. एक आई म्हणाली, "अजून वर धर. अजून वर." रेंज गेली तरी ती धरूनच होती म्हणे.

याच दिवसांत पोलिओ रविवार आला. बूथ आमच्या शाळेतच असतो. मला वाटलं, याचाच पाठ घ्यावा. मी मुलांना विचारलं, "आशा म्हणजे काय?" एका सुरात उत्तर आलं, "आशाताई! डोस देणाऱ्या!" मी पुढचं बोलायचंच विसरले. शब्दकोशात यापेक्षा चांगलं उत्तर मिळालं नसतं.

मग त्यांना एक काम दिलं. गावात पोलिओने पाय अधू झालेली माणसं कोण, आणि त्यांची वयं काय, हे घरी मोठ्यांना अदबीने विचारून यायचं. कुणाला चिडवायचं नाही, खूण करून दाखवायचं नाही, हे चारदा बजावलं. तीन माणसं निघाली. त्यातल्या सर्वांत लहानाचं वय अडतीस. "त्याच्यापेक्षा लहान कुणीच नाही का?" मुलांनी परत जाऊन विचारलं. कुणीच नाही. पिठाच्या गिरणीचे मामा त्यांच्यातलेच एक. ते वर्गात आले, आपल्या लहानपणी काय झालं, आईने कडेवर घेऊन कुठले कुठले देव आणि डॉक्टर केले, ते सांगितलं. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

त्यानंतर फळ्यावर मी आकडे लिहिले. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण. २०१० साली ४२. २०११ साली १, तोही १३ जानेवारीला, पश्चिम बंगालमध्ये. त्यापुढे मूळ विषाणूचा एकही नाही. २७ मार्च २०१४ ला आपल्याकडून पोलिओ गेल्याचा दाखला जागतिक आरोग्य संघटनेने दिला. पल्स पोलिओ सुरू झालं १९९५ ला, म्हणजे शेवटचा रुग्ण सापडेपर्यंत सोळा वर्षं ही माणसं दारं वाजवत होती. बूथवर कोण आलं नाही बघायचं, दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचं, दारावर खडूने ‘पी’ किंवा ‘एक्स’ लिहायचं. ‘एक्स’ असेल तर परत जायचं. आपल्यापैकी किती जणांनी ही ड्युटी केलीय आणि किती जणांनी ती करताना कुरकुर केलीय! मी केलीय, दोन्ही. शाळा सोडून ही कसली कामं, असं म्हणत. ते म्हणणं चुकीचं नाहीच. पण फळ्यावर ७४१, ४२, १, ० असे आकडे एकाखाली एक दिसले तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

आता त्या निबंधवाल्या मुलीने हात वर केला. म्हणाली, "मॅडम, मी लहान होते तेव्हा आम्ही फडावर होतो. तिथं कोपीवर येऊन बाईंनी माझ्या भावाला डोस दिला होता." खरं आहे. उसाच्या फडावर, वीटभट्टीवर, बसस्टँडवर जाऊन डोस देतातच. मग तिने विचारलं, "डोस कोपीवर येतो, तर शाळा का येत नाही?"

काय सांगणार? मी जे खरं वाटलं ते सांगितलं. डोसला दोन मिनिटं लागतात, शाळेला रोज पाच तास, सहा महिने. काही ठिकाणी साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, बऱ्याच बंद पडल्या. हे अजून आपल्याला जमलेलं नाही. जमायला हवं.

दुसरा एक मुलगा म्हणाला, "आता ऊस तोडायचं मशिन आलंय. मग कुणालाच जावं लागणार नाही." लगेच मागून कुणीतरी, "मग पप्पा काय करतील?" त्यावर सगळा वर्ग गप्प. मीसुद्धा. बघा, एकाची आशा दुसऱ्याची धास्ती असते, हे चौथीच्या पोरांना समजतं. आपण मोठे मात्र त्यांना दोनच गोष्टी सांगतो, एक तर सगळं छान होणार, नाहीतर कशाचंच काही खरं नाही.

पालकांना एक विनंती आहे. बातम्या बघू नका असं मी म्हणत नाही. मुलांपासून वाईट गोष्टी लपवा असंही नाही, आमच्या मुलांपासून तर काही लपतच नाही. पण जे बदललंय तेही त्याच आवाजात सांगा. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या शंभरातल्या सुमारे सत्तेचाळीस जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. २०१९-२१ च्या पाहणीत तेवीस. निम्म्यावर आलं. आपोआप आलेलं नाही, कुणीतरी कुठेतरी लग्न थांबवलं, कुणीतरी शाळा आठवीपर्यंत नेली, एसटीचा पास काढून दिला. आणि आमच्या बीडमध्ये त्याच पाहणीत हा आकडा चाळिसाच्या वर होता, हेही मी मोठ्या मुलींना सांगते. देशाचा आकडा सांगून आमचा झाकत नाही. त्या सातवीतल्या मुलीचं नाव न घेता, पण ती त्या आकड्यात आहे हे माझ्या मनात असतंच. ती मागच्या महिन्यात बाजारात भेटली होती. कडेवर बाळ. मला बघून पदर सारखा केला आणि म्हणाली, "मॅडम, फलक लेखन आता कोण करतं?" सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसून दहावी देता येते, तेवढं मी सांगितलं. ‘जिद्द’ हा शब्द काढला नाही. फॉर्म कधी निघतात ते फोन करून कळवते म्हणाले, नंबर लिहून घेतला. माझ्या वहीत तिच्या नावापुढे फॉर्मचा महिना लिहिला आहे.

एप्रिलमध्ये गाड्या आल्या. आमच्या निबंधवालीची आई घरी सामान न उतरवता आधी शाळेत आली. हात कोयत्याने आणि पाचटाने चिरलेले. मी निबंधाची वही काढून दिली. तिने ती उलटी धरली होती, मुलीने सरळ करून दिली. कुणी काही बोललं नाही.

यंदा ती मुलगी पाचवीत आहे. यंदाही मुकादम येऊन गेलाय, उचल घेतली गेलीय, त्यात काही बदललेलं नाही. परवा मधल्या सुट्टीत ती मला विचारत होती, "मॅडम, यंदाची यादी केली का?" मी म्हटलं, चालू आहे. तिने स्वतःच्या वहीतून कागद फाडून दिला. त्यात तिने अकरा नावं लिहून आणली होती, पुढे कुणाची आजी आहे, कुणाची नाही, तेही.

सहाव्या नंबरवर तो तिसरीतला मुलगा आहे, खिचडीवाला. आजी नाही. पण एक चुलत आत्या आहे म्हणे, माळावरच्या वस्तीला. उद्या शाळा सुटली की तिकडे जाते आहे.